मुलाला घेऊन दुसऱ्या राज्यात जाताना: आधी कॅलेंडर, मग कोर्ट, शेवटी खोकी

ऑफर लेटर आलं त्या रात्री मी आधी शाळा पाहिल्या, मग घरभाडं, मग टेक्ससमधल्या डॅलसच्या आसपास ओळखीचं कोण आहे ते. घटस्फोटाच्या ऑर्डरची फाइल उघडली ती चौथ्या दिवशी, आणि तोवर कंपनीला होकार कळवून झाला होता. ऑर्डरच्या अकराव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: दोघांची लेखी संमती किंवा कोर्टाचा आदेश असल्याशिवाय मुलाला न्यू जर्सीबाहेर राहायला नेता येणार नाही. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. आठवड्यातले चार दिवस माझ्याकडे, तीन वडिलांकडे. दोन्ही घरांमधलं अंतर गाडीने बारा मिनिटं.

सगळं मार्गी लागायला सात महिने गेले. कंपनीला रुजू होण्याची तारीख दोनदा पुढे ढकलायला सांगावी लागली. त्यातले निदान तीन महिने मी कामं उलट्या क्रमाने केल्यामुळे गेले. अमेरिकेत मुलाचा ताबा दोघांकडे असताना नोकरी, लग्न, आजारपण किंवा माहेरच्या आधारासाठी राज्य बदलायची वेळ आपल्या ओळखीपाळखीत अनेकांवर येते, आणि बहुतेक जण माझ्यासारखीच सुरुवात करतात. म्हणून हा क्रम लिहून ठेवते आहे. मी वकील नाही. कायदे राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलतात. त्यामुळे फॅमिली लॉ करणाऱ्या वकिलाचा एक तास विकत घ्याच, आणि तो वकील ज्या राज्याच्या कोर्टाने तुमची ऑर्डर दिली त्या राज्यातला असू द्या. जिथे जायचंय तिथला वकील या टप्प्यावर फारसा उपयोगी नाही. का, ते पुढे येईल.

पहिलं काम: स्वतःची ऑर्डर पेन घेऊन वाचणं

राज्याचा कायदा नंतर. तुमच्या ऑर्डरमध्ये किंवा पेरेंटिंग प्लॅनमध्ये (मूल कधी कुणाकडे राहील याच्या लेखी आराखड्यात) स्थलांतराबद्दल काही लिहिलं असेल तर आधी ते बघायचं. तीन गोष्टींखाली रेघ मारा.

एक, लीगल कस्टडी आणि फिजिकल कस्टडी कुणाकडे किती. लीगल म्हणजे शाळा, डॉक्टर, धर्म अशा मोठ्या निर्णयांचा हक्क. फिजिकल म्हणजे मूल प्रत्यक्ष कुठे राहतं ते. मूल बहुतेक दिवस माझ्याकडेच असतं, म्हणजे मी नेऊ शकते, असा समज फार आढळतो. लीगल कस्टडी दोघांकडे असेल तर शाळा बदलणं हाच मुळात एकट्याने घ्यायचा निर्णय उरत नाही.

दोन, भौगोलिक मर्यादा. टेक्ससच्या ऑर्डर्समध्ये मुलाचं राहतं घर अमुक काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) आणि तिला लागून असलेल्या काउंटींमध्येच असावं, अशी अट सर्रास असते. अशी अट असेल तर नुसती नोटीस पाठवून भागत नाही. अट उठवण्यासाठी ऑर्डरमध्येच बदल मागावा लागतो.

तीन, नोटीस किती दिवस आधी आणि कोणत्या मार्गाने द्यायची ते. ईमेल चालेल, असं तिथे लिहिलेलं नसेल तर चालत नाही असंच धरा.

राज्य काय म्हणतं

इथे एका राज्याचा अनुभव दुसऱ्या राज्यातल्या मैत्रिणीला सांगून फार नुकसान होतं. थोडी कल्पना यावी म्हणून काही राज्यांची उदाहरणं देते.

फ्लोरिडात आताच्या घरापासून ५० मैल किंवा त्याहून जास्त अंतरावर, किमान सलग ६० दिवसांसाठी जाणं म्हणजे रिलोकेशन. त्यासाठी दुसऱ्या पालकाचा लेखी करार तरी हवा, नाहीतर कोर्टात रीतसर अर्ज. अर्ज हातात पडल्यापासून त्याला हरकत घ्यायला २० दिवस मिळतात. इलिनॉयमध्ये शिकागो आणि भोवतालच्या काउंटींत २५ मैल, बाकी राज्यात ५० मैल आणि राज्याबाहेर जायचं असेल तर २५ मैलांच्या पुढे. नोटीस किमान ६० दिवस आधी, आणि तिची प्रत कोर्टातही. दुसऱ्या पालकाने त्या नोटिशीवर सही केली आणि ती कोर्टात दाखल झाली, तर काम तिथेच होतं. पेनसिल्व्हेनियात ६० दिवस आधी सर्टिफाइड मेलने (पोहोच नोंदवणाऱ्या टपालाने) नोटीस, सोबत हरकत नोंदवण्याचा कोरा फॉर्म, आणि समोरच्याला ३० दिवसांची मुदत. ॲरिझोनात ४५ दिवस, व्हर्जिनियात ३०.

न्यू जर्सीत मैलांचा हिशेब नाही. संमती नसेल तर सबळ कारण दाखवून कोर्टाची परवानगी घ्यायची. २०१७ च्या आधी, ज्याच्याकडे मूल प्रामुख्याने राहतं त्या पालकाला जाण्याचं प्रामाणिक कारण दाखवलं आणि मुलाचं नुकसान होत नाही हे पटवलं की पुरत होतं. त्या वर्षी बिसबिंग खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकष बदलला. आता जाणं मुलाच्या हिताचं आहे हे दाखवावं लागतं. मला ओळखीतल्या एका ताईंनी त्यांच्या २०१४ च्या अनुभवावरून अगदी मनापासून धीर दिला होता. तो धीर जुन्या कायद्यावर उभा होता. न्यूयॉर्कमध्ये १९९६ च्या ट्रोपिया निकालापासून सगळ्या बाजू एकत्र तोलून मुलाचं हित ठरवतात. वॉशिंग्टन राज्यात मूल जिच्याकडे किंवा ज्याच्याकडे जास्त राहतं त्याला जाऊ द्यावं असं गृहीतक असतं, पण दोघांकडचा वेळ जवळजवळ सारखा, म्हणजे प्रत्येकाकडे किमान ४५ टक्के असेल, तर ते लागू होत नाही.

नोटीस सर्टिफाइड मेलने पाठवायची असेल तर पोस्टात रिटर्न रिसीटही मागा. सही होऊन परत आलेलं ते हिरवं कार्ड जपून ठेवायचं. नोटीस कधी पोहोचली यावर पुढे वाद झालाच, तर तेवढा एक कागद बोलतो.

कोणतं कोर्ट? नव्या राज्याचं नाही

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. मॅसॅच्युसेट्स सोडून सगळ्या राज्यांनी ताब्याचं प्रकरण कोणत्या राज्याच्या कोर्टाने चालवायचं हे ठरवणारा यूसीसीजेईए नावाचा एकसारखा कायदा स्वीकारला आहे. तो १९९७ मध्ये तयार झाला. त्याचं मर्म असं, की ज्या राज्याने ताब्याची पहिली ऑर्डर दिली, त्या राज्याकडेच पुढचे बदल करण्याचा अधिकार राहतो, जोवर एक पालक तिथे राहतो आहे आणि प्रकरणाचा त्या राज्याशी संबंध तुटलेला नाही तोवर. मी टेक्ससला पाच वर्षं राहिले तरी मुलाचे वडील न्यू जर्सीत आहेत तोवर उन्हाळ्याचे आठवडे बदलायला मला न्यू जर्सीच्याच कोर्टात जावं लागतं.

‘सहा महिने तिथे राहिलीस की केस तिकडे जाते’ हे वाक्य मी निदान चार जणांकडून ऐकलं. सहा महिन्यांचा नियम खरा आहे, पण तो वेगळ्या ठिकाणचा. ऑर्डर अजून झालेलीच नसेल तेव्हा मूल सलग सहा महिने जिथे राहिलं ते त्याचं होम स्टेट. आणि मूल तिथून हलवलं तरी मागे राहिलेला पालक पुढच्या सहा महिन्यांत जुन्याच राज्यात अर्ज करू शकतो. म्हणजे घटस्फोटाचे कागद दाखल व्हायच्या आत गुपचूप निघून जाण्यानेही काही साधत नाही.

परवानगीआधी मूल हलवलं तर काय होतं? कोर्ट मुलाला परत आणायला सांगू शकतं, समोरच्याच्या वकिलाचा खर्च तुमच्यावर टाकू शकतं, अवमानाची कारवाई होऊ शकते, आणि ताबाच फिरू शकतो. अनेक राज्यांत हा फौजदारी गुन्हाही ठरतो. त्यातून सुटलात तरी न्यायाधीशांच्या मनात एक प्रश्न कायमचा बसतो: ही व्यक्ती पुढे भेटीगाठी होऊ देईल का?

कॅलेंडर: इथे सगळ्यात जास्त वेळ घाला

माझ्या सात महिन्यांतून एकच गोष्ट सांगायची झाली तर हीच. कोर्टात, मीडिएशनमध्ये (तटस्थ मध्यस्थासमोरच्या बोलणीत), किंवा स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून बोलताना, तुम्हाला का जायचंय यावर पहिली दहा मिनिटं जातात. उरलेला सगळा वेळ मागे राहणाऱ्या पालकाचं काय, यावर जातो. ते उत्तर तारखांसकट तयार असलं तर बोलणं भांडणाकडून हिशेबाकडे वळतं.

आमच्या मीडिएटरबाईंनी पहिल्याच बैठकीत एक कोरा कागद पुढे सरकवला आणि म्हणाल्या, सध्या वडिलांकडे वर्षाला किती रात्री आहेत ते लिहा. आठवड्याला ३, म्हणजे १५६. मग म्हणाल्या, आता नव्या वर्षाच्या लिहा. मी लिहायला बसले. उन्हाळ्याचे ७ आठवडे म्हणजे ४९. स्प्रिंग ब्रेक, दोन्हीकडचे वीकेंड धरून, ९. हिवाळ्याच्या सुट्टीचा अर्धा भाग ७. थँक्सगिव्हिंग ५. महिन्याआड एक लांब वीकेंड ३ रात्रींचा, असे ६, म्हणजे १८. बेरीज ८८.

१५६ आणि ८८ हे दोन आकडे एकाखाली एक पाहिले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काय मागते आहे. समोर बसलेल्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. ६८ रात्रींची तूट कुठल्याही युक्तीने भरून निघत नाही, आणि निघते असं भासवूही नये. ती मान्य करून, ती कमी कशी बोचेल याबद्दल बोलायचं. त्या कागदानंतर आमचा सूर बदलला.

कॅलेंडर लिहिताना हे बारकावे धरा, कारण पुढची भांडणं इथूनच उगवतात:

‘उन्हाळ्याची सुट्टी’ म्हणजे कुणाची? टेक्ससच्या शाळा मेच्या अखेरीस सुटतात आणि ऑगस्टच्या मध्यावर भरतात. न्यू जर्सीत जूनच्या उत्तरार्धापर्यंत वर्ग चालतात आणि शाळा सप्टेंबरच्या सुमारास उघडतात. कोणत्या स्कूल डिस्ट्रिक्टचं कॅलेंडर धरायचं ते नावानिशी लिहा. स्प्रिंग ब्रेकचंही तसंच. एकीकडे मार्चमध्ये, दुसरीकडे एप्रिलमध्ये.

‘दिवाळी आलटून पालटून’ असं लिहू नका. दिवाळी पाच दिवसांची. आम्ही लक्ष्मीपूजनाचा दिवस असं लिहिलं, आणि शाळेला सुट्टी नसेल तर त्याला लागून येणारा वीकेंड. गणपती शाळेच्या दिवसांत येतात, म्हणून तेव्हा दुसऱ्या घरी आरतीला व्हिडिओ कॉल. हेही लिहिलं. कोर्टाला यात विचित्र काही वाटत नाही.

व्हिडिओ कॉलची वेळ लिहिताना कोणाच्या घड्याळाने ते लिहा. आमच्या ऑर्डरमध्ये ‘संध्याकाळी ७’ एवढंच होतं. न्यू जर्सी आणि टेक्ससमध्ये एका तासाचा फरक. पहिला महिनाभर मी माझ्या ७ ला फोन लावायची तेव्हा तिकडे ८ वाजलेले असायचे. ‘तू मुद्दाम उशीर करतेस’ इथपर्यंत प्रकरण गेलं. शेवटी दोन वकिलांच्या ईमेलमध्ये चार शब्द वाढले: मुलाच्या राहत्या घराच्या वेळेनुसार. ते शब्द आधी लिहायला फुकट होते.

तिकिटं कोण काढणार, किती दिवस आधी, पैसे कोण किती देणार, फ्लाइट रद्द झाली तर हुकलेला वेळ कधी भरून द्यायचा, मुलाला विमानतळावर कोण सोडणार आणि कोण घेणार. आमच्यात जाणारी मी होते म्हणून प्रवासखर्चाचा दोन तृतीयांश भाग मी घेतला. हा काही नियम नाही. पण पैशाचा मोठा भाग स्वतःहून उचलला की बाकीचं बोलणं सोपं होतं, असं मला ठामपणे वाटतं. अनेक ठिकाणी कोर्ट प्रवासखर्च धरून चाइल्ड सपोर्टची, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी एका पालकाने दुसऱ्याला द्यायची, रक्कम कमीजास्त करतं, तेव्हा दोन्ही हिशेब एकत्रच मांडा.

मूल एकटं उडणार असेल तर अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेड या कंपन्या ५ ते १४ वर्षांच्या मुलांना अनअकंपनीड मायनर म्हणून नेतात. एका बाजूचे साधारण १५० डॉलर तिकिटावर वेगळे पडतात. वर्षाच्या चार-पाच फेऱ्या म्हणजे ती रक्कम किरकोळ राहत नाही. थेट फ्लाइट असलेली शहरंच निवडता आली तर निवडा. घर शोधतानाच मी विमानतळापासूनचं अंतर पाहिलं होतं, आणि तो मुद्दा मीडिएशनमध्ये माझ्या बाजूने चांगला पडला.

संमती मागताना

आधी तोंडी बोला, पण ‘मी ठरवलंय’ अशी सुरुवात नको. मग कॅलेंडरचा मसुदा हातात द्या आणि वाचायला दोन आठवडे द्या. त्यानंतरचं सगळं लेखी. अवर फॅमिली विझर्ड किंवा टॉकिंग पेरेंट्ससारखं ॲप वापरत असाल तर त्यावरच बोला, कारण तिथले संदेश पुसता येत नाहीत आणि तारीखवार निघतात. प्रत्येक संदेश न्यायाधीश वाचणार आहेत असं धरून लिहा. रागात लिहिलेलं एक वाक्य वर्षभराच्या समजूतदारपणावर पाणी फिरवतं.

‘जा, माझी काही हरकत नाही’ असं व्हॉट्सॲपवर आलं म्हणून ट्रक बुक करू नका. माणसाचं मन बदलतं. वकिलाकडून कन्सेंट ऑर्डर करून घ्या, दोघांच्या सह्या, मग न्यायाधीशांची सही. त्यानंतरच ती संमती टिकते.

संमती मिळाली नाही तर

कोर्टात अर्ज करायचा. राज्यागणिक शब्द वेगळे असले तरी न्यायाधीश साधारण सारख्याच गोष्टी पाहतात: जाण्याचं कारण, विरोधाचं कारण, मुलाचं दोघांशी नातं, शिक्षण आणि आरोग्य, तिथला आधार, आर्थिक फरक, मूल मोठं असेल तर त्याचं म्हणणं, आणि दूर राहूनही नातं टिकवण्याची तुमची योजना कितपत खरी आहे.

कागद जमवताना ‘चांगली शाळा’ एवढं पुरत नाही. कुठली शाळा, वर्गात किती मुलं, तुमच्या मुलाला जे लागतं ते तिथे आहे का. नोकरीच्या पत्रात जुन्या आणि नव्या पगाराचा फरक, रिमोट राहून का चालणार नाही याचं कंपनीचं उत्तर. शाळा सुटल्यावर मूल कुणाकडे असेल. आपल्याकडे इथे पटकन उत्तर येतं, आई-बाबा येऊन राहतील. व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्यांना एका वेळी साधारण सहा महिने राहता येतं, आणि समोरचा वकील हे नक्की विचारतो. आजी-आजोबा असतील तेव्हा उत्तमच, पण योजनेचा पाया आफ्टरकेअरवर, म्हणजे शाळेनंतरच्या पाळणाघरावर, ठेवा.

दुसऱ्या पालकाची उणीदुणी काढून तुमची बाजू भक्कम होत नाही. उलट, मुलाला त्याच्याकडे पाठवायला ही व्यक्ती तयार नसेल, अशी शंका बळावते. माझ्या पहिल्या अर्जात अशी दोन पानं होती. वकिलांनी ती काढून टाकली आणि त्या जागी कॅलेंडर जोडलं.

काही ठिकाणी कोर्ट गार्डियन ॲड लायटम (मुलाच्या हिताची बाजू मांडणारा) किंवा कस्टडी इव्हॅल्युएटर (ताब्याबाबत पाहणी करून मत देणारा) नेमतं. तो घरी येतो, शाळेत बोलतो, मुलाशी बोलतो. त्याच्या फीचा आणि वेळेचा अंदाज वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, कारण रुजू होण्याची तारीख त्यावर ठरते.

व्हिसावर असाल तर

एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असताना नोकरी गेली तर नवी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते. आणि वर पाहिलंत तसं अनेक राज्यांत नुसत्या नोटिशीलाच ६० दिवस लागतात. हे दोन ६० एकावर एक येतात तेव्हा जीव मेटाकुटीला येतो. नव्या नोकरीचं गाव परराज्यात असण्याची नुसती शक्यता दिसली तरी त्याच आठवड्यात वकिलाला फोन करा. कोर्टाकडे तातडीची सुनावणी मागता येते, आणि काही राज्यांच्या कायद्यात आधी कळणं शक्यच नव्हतं अशा प्रसंगी कमी मुदतीच्या नोटिशीची सोय आहे. पेनसिल्व्हेनियात ती कळल्यापासून १० दिवसांत द्यायची असते. त्याच कंपनीत राहून दूरच्या शहरात बदली होत असेल तरी कंपनीला एच-वन-बीचा सुधारित अर्ज करावा लागतो. ती तारीख आणि कोर्टाची तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. नागरिक नसलेल्यांनी पत्ता बदलल्यावर १० दिवसांत एआर-११ फॉर्म भरायचा असतो. घाईत हमखास राहून जाणारी ही गोष्ट.

भारताचा प्रश्न निघणारच

आपल्या घरांतल्या केसमध्ये हा मुद्दा न बोलता टेबलाखाली बसलेला असतो: आज टेक्सस, उद्या पुणे. मुलं पळवून नेण्याबाबतच्या १९८० च्या हेग करारात भारत सहभागी नाही, त्यामुळे मूल तिकडे ठेवून घेतलं तर परत आणणं अमेरिकी पालकाला फार कठीण जातं. न्यायाधीशांना हे ठाऊक असतं. म्हणून समोरून भीती व्यक्त झाली की दुखावून न जाता त्यावर तोडगा स्वतःच मांडा. पासपोर्ट कुणाकडे राहील, भारतात जायचं तर किती दिवस आधी कळवायचं, परतीच्या तिकिटाची प्रत कधी द्यायची, ओसीआय कार्ड कुठे ठेवायचं. १६ वर्षांखालील मुलाच्या अमेरिकी पासपोर्टला तसंही दोन्ही पालकांची संमती लागते, आणि सीपीआयएपी या परराष्ट्र खात्याच्या योजनेत मुलाचं नाव नोंदवलं तर पासपोर्टचा अर्ज आल्यावर पालकाला कळवलं जातं. आम्ही दोघांनीही नाव नोंदवलं. तो एक फॉर्म भरल्यानंतर आमच्या बोलण्यातली अर्धी धास्ती गेली.

मुलाला कधी आणि काय सांगायचं

नक्की झाल्याशिवाय नाही, आणि झाल्यावर दोघांनी मिळून. ‘तुला कुठे राहायचंय?’ हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर देताना मूल एका पालकाला नाकारत असतं. मूल मोठं असेल तर कोर्ट स्वतः ऐकतं: टेक्ससमध्ये १२ किंवा त्याहून जास्त वर्षांच्या मुलाशी न्यायाधीशांनी चेंबरमध्ये बोलावं अशी मागणी करता येते, जॉर्जियात १४ वर्षांच्या मुलाच्या निवडीला मोठं वजन आहे. पढवलेलं मूल त्यांना लगेच ओळखू येतं.

आमच्या मुलाने एकच प्रश्न विचारला. बाबांकडच्या सायकलचं काय? सायकल तिथेच राहिली. तिकडचं घर हे त्याचं घर आहे, याची ती खूण होती, आणि टेक्ससला दुसरी घेताना मी मुद्दाम वेगळ्या रंगाची घेतली.

घरात हिंसा असेल तर हा क्रम लागू नाही

तिथे आधी जीव. अनेक राज्यांत नोटिशीत पत्ता न देण्याची सोय आहे, पत्ता गोपनीय ठेवण्याच्या सरकारी योजना आहेत, आणि संकटात असलेलं मूल ज्या राज्यात पोहोचलं तिथलं कोर्ट तात्पुरता आदेश देऊ शकतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १-८००-७९९-७२३३ रात्रंदिवस चालू असते. न्यू जर्सीत मानवी आणि न्यूयॉर्कमध्ये सखी या संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी कित्येक वर्षं काम करतात, आणि तिथे आपलं घर समजावून सांगत बसावं लागत नाही. निघण्याआधी एकदा तरी त्यांच्याशी किंवा वकिलाशी बोला, म्हणजे हेच निघणं पुढे तुमच्यावर उलटणार नाही.

ऑर्डर हातात आल्यावर

जुन्या कोर्टातून ऑर्डरच्या तीन सर्टिफाइड (कोर्टाने प्रमाणित केलेल्या) प्रती घ्या. एक नव्या राज्याच्या कोर्टात नोंदवण्यासाठी. नोंद झाली म्हणजे केस तिकडे गेली असं नाही, पण गरज पडली तर तिथलं कोर्ट ती ऑर्डर तिथल्याच ऑर्डरसारखी पाळायला लावू शकतं. समोरच्याला त्या नोंदणीवर आक्षेप घ्यायला २० दिवस मिळतात. दुसरी प्रत शाळेसाठी, तिसरी घरी.

शाळेत नाव घालताना दोन्ही पालकांची नावं, फोन आणि ईमेल भरा. प्रगतिपुस्तक पाहण्याचा हक्क दूरच्या पालकालाही असतो, आणि तो त्याला मागायला लागू नये. लसीकरणाची नोंद जुन्या डॉक्टरकडून निघायच्या आधी घ्या. स्पेशल एज्युकेशनचा आयईपी (त्या मुलापुरता आखलेला शिक्षणाचा आराखडा) असेल तर नव्या शाळेला स्वतःचा तयार होईपर्यंत त्याच्याशी मिळतीजुळती सेवा द्यावी लागते. त्यासाठी जुनी प्रत हातात हवी.

विमा तपासाच. मुलाचा विमा दुसऱ्या पालकाच्या नोकरीतून असेल आणि त्याचं नेटवर्क एकाच राज्यापुरतं असेल, तर नव्या गावात फक्त तातडीचे उपचार मिळतात. टॅक्समध्ये मूल वर्षातल्या जास्त रात्री ज्याच्याकडे असतं तो पालक त्याला डिपेंडंट दाखवतो. दुसऱ्याने दाखवायचं ठरलं असेल तर फॉर्म ८३३२ सही करून द्यावा लागतो. रात्री बदलल्या की हे बोलणं पुन्हा करा. सामान हलवण्याचा खर्च मात्र २०१८ पासून सैन्यातल्या लोकांसारखे अपवाद सोडले तर टॅक्समध्ये वजा होत नाही.

आणि एक तिकीट. ट्रक ठरवण्याच्या आधी मुलाच्या पहिल्या भेटीचं तिकीट काढा, आणि ती भेट शाळा सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आतली असू द्या. आम्ही ऑक्टोबरच्या लांब वीकेंडचं, डॅलस ते नेवार्क, जाण्यायेण्याचं काढलं. त्याची छापील प्रत मुलाने नव्या खोलीच्या दाराला चिकटवली. खोकी दुसऱ्या दिवशी आली.